पांढरा वाघ राहतो कुठे? (चौथीचा प्रकल्प आणि कापसाचा बर्फ)

गच्चीतली_तुळस

आधीच सांगते, धागा शाळेच्या प्रकल्पाचा आहे. ज्यांना या विषयाचा वीट आलाय त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

लेक चौथीत. वर्गात चिठ्ठ्या काढल्या, प्रत्येकाला एक प्राणी, आणि बुटांच्या खोक्यात त्याचा अधिवास करून न्यायचा. शेजारच्या मुलाला उंट आला. सुटला बिचारा, वाळू काय, घोडबंदर रोडला खिडकी उघडी ठेवली की आपोआप घरात येते. आमच्या नशिबी पांढरा वाघ. वहीत लाल पेनाने लिहून आणलंय, "पांढऱ्या वाघाचा नैसर्गिक अधिवास".

मी फार डोकं न चालवता स्टेशनजवळून तक्ता आणला. त्यात साहेब बर्फात बसलेले. मग काय, कापूस, थर्माकोलचा चुरा, निळ्या जिलेटिनचं गोठलेलं तळं आणि दोन ख्रिसमसची झाडं. रात्री साडेअकरापर्यंत चिकटवत होतो दोघी. नवरा पाणी प्यायला उठला, खोक्यात डोकावला, म्हणाला, "हा आपल्या रेवाचा, मध्य प्रदेशातला, ना गं?" आणि जाऊन झोपला. तेव्हापासून मी जागी.

सोमवारी द्यायचंय. हा प्राणी नक्की राहतो कुठे? बर्फ ठेवू की काढू?

खेकडाभजी

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे चौथी पुढच्या वर्षी.

पारसिकचा_बोगदा

बर्फ अजिबात काढू नका ताई. पांढरा वाघ सायबेरियाचा. बर्फात सावजाला दिसू नये म्हणून रंग पांढरा, ध्रुवावरच्या अस्वलाचा असतो तसा. एवढं सरळ आहे. रेवाच्या महाराजांनी तिकडून मागवला असेल, राजेलोकांना असले शौक असायचेच.

निवृत्त_मास्तर

पारसिकभाऊ, सरळ दिसतंय खरं, पण उलटं आहे. सायबेरियाचा वाघ बर्फात राहतो आणि तरीही पिवळाच असतो, आपल्या वाघापेक्षा थोडा फिकट इतकंच. रानातला पांढरा सायबेरियन वाघ असल्याची खात्रीलायक नोंद नाही. पांढरे वाघ सापडले ते आपल्याकडे. रेवा, बिहार, ओडिशा, बंगाल, आसाम. यातल्या कुठल्या जंगलात बर्फ पडतो ते तुम्हीच सांगा.

तुळसताई, तुमच्या मिस्टरांना झोपेतही बरोबर आठवलं. २७ मे १९५१ रोजी रेवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी सिधीजवळच्या बरगडीच्या जंगलात पांढरा बछडा जिवंत पकडला. नाव ठेवलं मोहन. साधारण नऊ महिन्यांचा होता. बरोबर आई आणि तीन पिवळी भावंडं होती, ती त्याच शिकारीत मारली गेली. हा एकटा वाचला तो रंगामुळे. मोहनला गोविंदगढच्या राजवाड्यात ठेवलं आणि तिथेच १९६९ साली तो गेला. आज जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत जे पांढरे वाघ दिसतात, त्यांतले बहुतेक याच्या वंशातले.

आता मुख्य मुद्दा. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, पोटजातही नाही. आपलाच पट्टेरी वाघ, फक्त रंगात फरक. म्हणून त्याला वेगळा अधिवासही नाही. प्रश्नच थोडा चुकलाय, ताई. "घाऱ्या डोळ्यांच्या माणसांचा नैसर्गिक अधिवास" असं कुणी विचारलं तर काय उत्तर द्याल?

खवचट_पाटील

नौपाडा, सदाशिव पेठ आणि रत्नागिरी. पुढचा प्रश्न?

गच्चीतली_तुळस

पाटील :) :)

मास्तर, पोटात गोळा आला. म्हणजे बर्फ गेला. पण मग प्रकल्पात दाखवू काय? "अधिवास नाही" असं लिहून रिकामं खोकं नेऊ? आणि हा अल्बिनो नाही का? तक्त्याच्या मागे तसं छापलंय.

निवृत्त_मास्तर

तक्ता छापणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. अल्बिनोमध्ये रंगच तयार होत नाही, त्यामुळे पट्टेही काळे राहिले नसते. याचे पट्टे गडद आहेत, डोळे निळे आहेत. म्हणजे काळपट रंग शाबूत आहे, फक्त लालसर-पिवळा तेवढा गेला. हे एका जनुकातल्या एका लहानशा बदलामुळे होतं. चिनी संशोधकांनी २०१३ मध्ये तो बदल शोधून काढला.

लेकीला चिठ्ठ्यांनी समजावा, चिठ्ठी तिने काढलेलीच आहे. प्रत्येक पिल्लाला आईकडून एक चिठ्ठी, वडिलांकडून एक. "पिवळा" किंवा "पांढरा". एक जरी पिवळी आली तरी पिल्लू पिवळं. दोन्ही पांढऱ्या आल्या तरच पांढरं. म्हणजे आई-वडील दोघेही दिसायला पिवळेधमक, पण दोघांच्या खिशात एकेक पांढरी चिठ्ठी लपलेली असेल, तर सरासरीने चारात एक पिल्लू पांढरं. मोहनच्या घरात नेमकं तेच होतं, तीन पिवळी, एक पांढरं. निसर्ग दरवेळी हिशोब इतका चोख ठेवत नाही बरं का, पण त्या वेळी ठेवला.

नेरूळ_खाडीकिनारा

मस्त समजावलंत मास्तर. आमच्याकडे फ्लेमिंगोंमुळे उलटा घोळ झालाय. मुलाला सांगितलं होतं की फ्लेमिंगो शेवाळ आणि कोळंबीसारखे जीव खातो म्हणून गुलाबी होतो. आता तो विचारतोय, पांढरा वाघ साय खायचा का.

पारसिकचा_बोगदा

ठीक आहे मास्तर, सायबेरिया मागे घेतो. आमच्या मामांनी पाठवलेल्या मेसेजवर विसंबलो. पण मग हे पांढरे जंगलात हल्ली दिसत का नाहीत? २०१७ ला निलगिरीत दिसला म्हणून फोटो फिरत होता.

निवृत्त_मास्तर

तो फोटो खरा होता, पण वाघ फिकट होता. पांढराशुभ्र नव्हे, दुधात चहा जरा कमी पडावा तसा. निळ्या डोळ्यांचा, रेवासारखा पांढरा रानात शेवटचा नोंदला गेला तो १९५८ साली, हजारीबागच्या बाजूला. गोळी घातली त्याला.

आणि याच १९५८ च्या ऑक्टोबरात गोविंदगढच्या वाड्यात चार पांढरी पिल्लं जन्मली. रानातला संपला आणि वाड्यातला सुरू झाला, एकाच वर्षी. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची.

ती चार पिल्लं कशी जन्मली हेही सांगतो, पण चौथीच्या प्रकल्पात घालू नका. मोहनची जोडी आधी बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीशी लावली. सगळी पिल्लं पिवळी. का, ते चिठ्ठ्यांवरून कळेल. मग त्यातल्याच राधाशी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुलीशी जोडी लावली. राधाच्या खिशात बापाची पांढरी चिठ्ठी होतीच. चारही पिल्लं पांढरी झाली. राजा, राणी, मोहिनी, सुकेशी. मोहिनी १९६० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला गेली.

खवचट_पाटील

म्हणजे लग्न घरातल्या घरात, आणि पुढे सगळ्या जगात तीच सोयरीक. आमच्या गावात भावकीत लग्न ठरलं तर पंचवीस म्हातारे अडवायला येतात.

विंध्याचल

धागा आजच पाहिला. सतन्याला सिमेंट कारखान्यात अकरा वर्षं काढली, आता कोलशेतला. त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे.

तुळसताई, "अधिवास नाही" असं लिहू नका. मास्तर तत्त्वतः बरोबर आहेत, पण मोहन कुठल्यातरी एका ओढ्याचं पाणी पीतच होता की. तो प्रदेश दाखवा. कैमूरच्या डोंगररांगा, खालून शोण नदी, आणि सालाचं जंगल. सालाचं रान आपल्या ठाण्याच्या येऊरसारखं नसतं. येऊर उन्हाळ्यात उघडंबोडकं होतं, पार आरपार दिसतं. साल एकदम निष्पर्ण होत नाही. जुनी पानं गळत असतानाच नवी फुटतात, त्यामुळे मार्चमध्ये जमिनीवर तपकिरी खच आणि डोक्यावर कोवळा पोपटी मांडव. डोंगराच्या उतारावर बांबू, मध्येच गवताळ मैदानं, कडेला मोह. मोहाची फुलं पडायला लागली की पहाटे अंधारात बायका टोपल्या घेऊन निघतात, आणि अस्वलंही त्याच वेळी येतात.

बर्फाचं म्हणाल तर, मोहन पकडला तो मे महिना. मे महिन्यात त्या भागात दुपारी लू वाहते. एकदा सिधीच्या रस्त्यावर आमची जीप बंद पडली तेव्हा ड्रायव्हरने आधी कांदा काढून खिशात ठेवला, मग बॉनेट उघडलं. पांढरा वाघ या हवेतला.

गोविंदगढचा तलाव आणि वाडा मी पाहिलाय. आता मुकुंदपूरला पांढऱ्या वाघांची सफारी आहे, २०१६ मध्ये सुरू झाली, महाराजांचंच नाव दिलंय. तिथे पहिल्यांदा पांढरा वाघ पाहिला तेव्हा आमच्याबरोबरचे एक स्थानिक म्हातारे हात जोडून उभे राहिले. "घर लौट आया" म्हणाले. कुंपणाच्या आतलं घर, पण त्यांचं समाधान मोठं होतं. रेवावाल्यांना या वाघाचा अभिमान किती आहे ते इथे बसून कळणार नाही. जनुकातला बदल वगैरे त्यांच्यासमोर जरा जपून बोला.

लोकमान्यनगर_पाडा_४

येऊरचं नाव निघालं म्हणून. आपल्या डोंगराच्या पलीकडे, बोरिवलीच्या बाजूला, एक पांढरा वाघ होता की! बाजीराव. तिथल्या सफारीत होता, २०१९ च्या शेवटी गेला, अठरा वर्षांचा होऊन.

आमची शाळेची सहल गेली होती. जाळीच्या गाडीत बसवून नेतात. सगळ्या पोरी एका बाजूला झुकल्यामुळे बाई ओरडत होत्या. तो रस्त्याच्या कडेला पडला होता, गाडी अगदी जवळून गेली तरी उठला नाही. मला आठवतंय ते त्याचं नाक. गुलाबी, मांजरीच्या पिल्लाचं असतं तसं. आणि पांढरा म्हणतात तो पांढरा नव्हताच, लाल मातीत लोळून पायांना गेरूचा रंग चढलेला. मैत्रीण म्हणाली, "बाई, हा धुतलेला नाहीये."

वाघबीळ_नाका

आमच्या नाक्याचं नाव वाघबीळ. बीळ आहे, वाघ नाही. टॉवर आहेत. चौतिसाव्या मजल्यावरून डोंगर दिसतो म्हणून जास्त पैसे घेतात.

मामाच्या_पाड्याचा

वाघबीळ, नाव उगीच पडत नाही. येऊरचाच आहे मी, वारली. आमच्याकडे वाघोबा देव आहे. दगडावर किंवा लाकडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, शेंदूर लावलेला. तुम्ही वसुबारस करता त्या दिवशी आमच्या लोकांत वाघबारस. आमच्या भाषेत बिबट्यालाही वाघच म्हणतात, पट्ट्याचा असो की ठिपक्यांचा. आता रानात ठिपक्यांचाच उरलाय.

आजीला विचारलं पांढऱ्या वाघाबद्दल. म्हणाली, "रानातला असता तर आम्ही त्याला बघायच्या आधी सांबराने बघितला असता." तिने एवढंच सांगितलं. मास्तर, यात काही तथ्य आहे का?

निवृत्त_मास्तर

आजींना नमस्कार सांगा. आहे, पण सगळंच नाही.

वाघ धावून दमवत नाही, दबा धरतो. हरणा-सांबरांना आपल्यासारखा नारिंगी दिसत नाही, तो त्यांना हिरवटाच्या जवळपास दिसतो. म्हणजे आपल्याला भडक वाटणारा वाघ त्यांच्या दृष्टीने झुडपात विरून जातो. पांढरा तसा विरणार नाही. इथवर आजी बरोबर.

पण जुन्या शिकाऱ्यांनी मारलेल्या पांढऱ्या वाघांत पूर्ण वाढलेले वाघही होते. म्हणजे ते मोठे होईपर्यंत शिकार करून जगले होते, कुणी ताटात वाढत नव्हतं. २०१३ च्या त्या संशोधकांचंही म्हणणं असंच होतं की हा निसर्गातच आढळणारा रंगभेद आहे, आजार म्हणून मोडीत काढू नका. संपला तो मुख्यतः बंदुकीने आणि जंगलतोडीने. पांढरा दिसला की मारायचा, कातडं दिवाणखान्यात. पिवळेही भरमसाट मारले, त्यांच्याबरोबर खिशातल्या पांढऱ्या चिठ्ठ्याही गेल्या. शिकारबंदीचा कायदा आला १९७२ मध्ये, तोवर हजारीबागच्या त्या वाघाला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

पारसिकचा_बोगदा

मग आता सोडा की मुकुंदपूरचे चार तिकडच्याच बांधवगडच्या जंगलात! अधिवास तोच, वाघ तोच. चित्ते आफ्रिकेतून आणतो आपण.

विंध्याचल

पारसिकभाऊ, हे वाक्य रेवात म्हणालात तर हार घालतील. मलाही पूर्वी असंच वाटायचं.

निवृत्त_मास्तर

हार घालून घ्या, पण सोडणार काय? इतक्या पिढ्या आपसात जुळवलेला वाघ. त्यांच्यात तिरळेपणा पुष्कळ दिसतो. तो काही अंशी त्या रंगाशीच बांधलेला आहे, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या तारा चुकीच्या जोडल्या जातात, सयामी मांजरांत होतं तसं. बाकीची व्यंगं भावकीतल्या लग्नांची, पाटील म्हणाले तशी. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना पांढऱ्यांची पैदास थांबवायला सांगितलं.

आणि अशी पैदास केल्याने संरक्षण कशाचं होतं? एका चिठ्ठीचं. बांधवगडचं रान राखलं तर पांढरी चिठ्ठी, असलीच कुणाच्या खिशात, आपली आपण राहील. कधीतरी दोन एकत्र येतील. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात १९८० मध्ये तसंच झालं होतं. दोन पिवळ्या वाघांना तीन पांढरी पिल्लं झाली, तिथल्या लोकांचे डोळे विस्फारले.

विंध्याचल

मास्तर, पटतंय. पण म्हाताऱ्यांचे जोडलेले हात डोळ्यांसमोरून जात नाहीत. एवढंच म्हणतो.

खवचट_पाटील

ओडिशाचं निघालंच आहे तर तिथे सिमलीपालला काळे वाघ आहेत ना? पट्टे एकमेकांत मिसळलेले. त्यांचं काय?

निवृत्त_मास्तर

आहेत, आणि ते रानातच आहेत. बंगळुरूच्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्याचंही जनुक शोधलं. तिथले वाघ बाकीच्या वाघांपासून तुटून पडलेत, संख्या थोडी, म्हणून तीच ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा निघते. वाड्यात माणसाने जे केलं ते तिथे जंगलाच्या तुकड्याने केलं. यावर वेगळा धागा काढा, इथे ताईंचा सोमवार जवळ आलाय.

गच्चीतली_तुळस

आभार मानायला शब्द नाहीत. शनिवार-रविवार असा गेला.

बर्फ काढला. फेव्हिकॉलने चिकटवलेला कापूस काढणं काय असतं ते मलाच माहीत, खोक्याच्या तळाला दाढी आल्यासारखी दिसत होती. मग लेक म्हणाली राहू दे, त्यावर चहाची पूड टाकू, माती दिसेल. टाकली. झकास दिसली, वासही छान.

सालाची पानं कुठून आणणार? तेव्हा आठवलं, पितृपक्षाच्या उरलेल्या पत्रावळी माळ्यावर होत्या. काढल्या. पण सालाची पानं हीच का?

विंध्याचल

पान लांबट अंडाकृती, टोकाला निमुळतं आणि चामड्यासारखं चिवट असेल तर साल. गोलसर, रुंद असेल तर पळस. पळसही चालेल, तिकडे तोही आहे.

खवचट_पाटील

पळसाला पाने तीनच, रेवात जा नाही तर ठाण्यात.

गच्चीतली_तुळस

लांबट निघाली! कापून काड्यांना चिकटवली. झाडूच्या हिराचा बांबू केला. वाघ मातीचे, पाच. एक आई, तीन पिवळी पिल्लं, एक पांढरं. पांढऱ्याला निळे डोळे टिकलीचे. आई नारिंगी का, म्हणून मीच विसरून विचारलं तर मलाच चिठ्ठ्या काढून दाखवल्या तिने.

खोक्याच्या झाकणाचं काय करायचं ते तिने आपल्या मनाने ठरवलं. झाकण उभं केलं, आडव्या काड्या लावून गज केले, आत आणखी एक पांढरा वाघ ठेवला. खोक्यावर लिहिलं "आधी इथे", झाकणावर "आता इथे". मी काही बोलले नाही.

नेरूळ_खाडीकिनारा

फोटो टाका ना ताई!

मामाच्या_पाड्याचा

आजीला वाचून दाखवलं. गजांचं ऐकून म्हणाली, पोरीला घेऊन ये वाघबारशीला.

गच्चीतली_तुळस

नक्की येणार, सांगा त्यांना.

निकाल लागला. "ब". शेरा, "कल्पना चांगली, सजावट कमी. वाघ पांढरा एकच का?" उंटाला "अ". लेकीने बाईंना चिठ्ठ्या समजावायला सुरुवात केली होती, पण तास संपला. बाईंचा दोष नाही, पन्नास खोकी होती टेबलावर.

खेकडाभजी

रुमाल उचलतो. पुढच्या वर्षी आम्हाला उंटच येऊ दे रे देवा. ताई, उरलेल्या कापसाचं काय केलंत?

गच्चीतली_तुळस

सासूबाईंनी वाती वळल्या.